आधी करीन, मग वाचीन

बाईंना कुणी "कशा आहात?" असं विचारलं, की त्या खरंच सांगायला लागायच्या. गुडघा आज कुठे दुखतोय, सकाळचा चहा का बिघडला, काल दुपारी उगाचच रडू का आलं. विचारणारा नानपुऱ्याच्या रस्त्यावर हातात भाजीची पिशवी घेऊन अडकलेला, आणि बाईंचं चालूच. मी एकदा म्हटलं, "बाई, लोक नुसतं विचारायचं म्हणून विचारतात हो."

"मग विचारू नये," बाई म्हणाल्या. "मी तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहून दिलेली वाक्यं बोलले. आता कुणी मला माझं बोलायला सांगितलं, तर मी कशाला सोडू?"

सुरतेतल्या मराठी घरांतून त्यांना सगळे ओळखायचे ते नाटक-सिनेमातल्या म्हणून. एका मोठ्या नाटक कंपनीबरोबर त्या गावोगाव फिरल्या होत्या, आणि दहा-बारा सिनेमांतून त्यांनी सोसणाऱ्या बायका केल्या होत्या. सोसणारी सून, सोसणारी वहिनी, केस पांढरे झाल्यावर सोसणारी आई. चौटा बाजारात एखादी बाई त्यांचा हात धरून डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "किती सोसलंत हो तुम्ही!" बाई तो हात हळूच सोडवून घ्यायच्या. "मी नाही हो. ती." 'ती' कोण, हे त्या बाईला कधी कळत नसे.

त्यांचे यजमान बँकेत होते. त्यांची बदली सुरतेला झाली, निवृत्तही ते इथेच झाले, आणि दोघं इथेच राहिली. बाई त्यांना साहेब म्हणायच्या, म्हणून आम्हीही साहेब म्हणायचो.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. रिंग रोडच्या मागच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक छोटा स्टुडिओ होता. तिथे गरब्याच्या आणि भजनांच्या कॅसेटी भरल्या जायच्या, रिक्षावरून ओरडायच्या साड्यांच्या सेलच्या जाहिराती व्हायच्या. मालकांना सगळे भाई म्हणत. मी तिथे फोन उचलायला म्हणून लागले आणि दोन वर्षांत मशीन चालवायला शिकले. राहायला आम्ही नवागामला. आबा कापडाच्या लूमवर, आणि माय घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. खानदेशातून आलेली आमच्यासारखीच सगळी वस्ती.

प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. इथल्या मराठी मंडळाच्या महिला शाखेने ठरवलं, की आजच्या काळातल्या बाईच्या हक्कांवरचं एक पुस्तक कॅसेटींवर वाचून घ्यायचं. नवागाम, डिंडोली, उधना इथल्या बायकांना मराठी कळतं, पण वाचता येत नाही, त्यांना ते ऐकवायचं. वाचायला बाई. पुस्तकाला बारा प्रकरणं होती. लग्न, घरकाम, पगार, मारहाण, एकटेपणा, सगळं सरळ भाषेत लिहिलेलं. मंडळाने भाईंची खोली दुपारची मागून घेतली. भाईंनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "बेन, आमां गरबो क्यां आवे?" यात गरबा कुठे येतो?

"शेवटी," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "सगळ्या मोकळ्या झाल्या की."

माइकसमोर बसायच्या आधी बाई बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्र काढून रुमालात बांधायच्या. खळ केलेली साडी कुरकुरते म्हणून जुनी मऊ साडी नेसून यायच्या. आवाज येतो म्हणून पंखा बंद, आणि भिंतींना पोती ठोकलेली. उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस उकडून निघायचा. बाई तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरून अर्धा मिनिट डोळे मिटायच्या, आणि मग मला बोटाने खूण करायच्या. आणखी एक त्यांची सवय होती. बोलणाऱ्या माणसाला त्या नेहमी आपल्या उजव्या हाताला घ्यायच्या. चालता चालता वळसा घालून दुसऱ्या बाजूला जायच्या. लोकांना तो नटीचा तोरा वाटायचा. मलाही वाटायचा.

पहिलं प्रकरण त्यांनी असं वाचलं, की मशीनवर बसल्या बसल्या मी रडले. बाहेर भाई रडले. 'बाईला माणूस म्हणून जगायचं आहे' एवढं साधं वाक्य, पण 'जगायचं'वर त्यांचा आवाज असा काही थरथरला की बस्स.

ती कॅसेट मी घरी नेली. रविवारी दुपारी माय आणि शेजारच्या पाच-सहा जणी साड्या मांडीवर घेऊन आमच्या खोलीत बसल्या, आणि मी टेप लावला. सगळ्यांनी पदराने डोळे पुसले. बाजू संपली. एकीने नाक ओढलं आणि म्हणाली, बिचारी. दुसरीने टिकल्यांचा डबा पुढे ओढला. बस, संपलं. कशाबद्दल होतं, हे कुणी विचारलंच नाही. फक्त माय माझ्याकडे बघून म्हणाली, "हाई बाई काब्र रडी ऱ्हायनी व? तिना घरमा काही व्हयनं का?"

ही बाई का रडतेय, तिच्या घरी काही झालं का. मायला एवढंच पोचलं होतं.

हे बाईंना सांगायला मला दोन दिवस लागले. सांगितलं तेव्हा मान वर करायची हिंमत नव्हती. बाईंनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडलं. मग म्हणाल्या, "पूस ते."

"बाई, सगळं प्रकरण?"

"सगळं. आणि मला तुझ्या आईकडे घेऊन चल."

नवागामच्या आमच्या गल्लीत रिक्षा आत येत नसे. बाई साडी उचलून धरून, पाण्याच्या ड्रमांमधून वाट काढत आल्या. जवळच्या शेडमधल्या लूमची खटखट दिवसभर चालूच असते, आम्हाला ती ऐकूही येत नाही. बाई मात्र दारात थबकल्या आणि म्हणाल्या, "इथे बोलायचं म्हणजे दम लागतो." मग आत येऊन त्या मायच्या शेजारी जमिनीवर बसल्या, अर्थात माय उजव्या हाताला येईल अशा, आणि टिकल्या चिकटवायला लागल्या. वाकड्या चिकटवल्या. मायने त्या न बोलता काढून पुन्हा सरळ लावल्या.

"तुम्ही सुरतेला कशा आलात?" बाईंनी विचारलं.

माय सांगायला लागली. अमळनेरच्या बाजूचं आमचं गाव. आबांना लूमवर जागा मिळाल्याचा निरोप आला होता. दुसऱ्या दिवशी हजर झालं नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. गाडीत माझा मोठा भाऊ, दोन वर्षांचा, तापाने फणफणलेला. नवापूर सुटल्यावर तो गेला. मधे उतरलं असतं तर जागा गेली असती. माय त्याला पदराखाली घेऊन, झोपलाय असं दाखवत, सुरतेपर्यंत आली. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली होती, पोरगं किती शहाणं आहे, जराही रडत नाही.

एवढं सांगून माय म्हणाली, डिंक संपला, आणि नवा डिंक काढायला उठली.

भाऊ होता आणि तो गेला, एवढंच मला माहीत होतं. गाडीतलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मायचा आवाज सुरुवातीला जसा होता तसाच शेवटपर्यंत होता. एकही टिकली चुकली नव्हती.

परत जाताना रिक्षात बाई म्हणाल्या, "बघितलंस? तिने मला रडायला जागा ठेवली. मी कधीच ठेवली नाही. लोकांच्या वाटचं मीच रडून टाकायची." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या वयाला हे कळावं म्हणजे फार झालं."

पहिलं प्रकरण त्यांनी पुन्हा वाचलं. शेजारणीला निरोप सांगावा तसं. पुढच्या रविवारी ते लावल्यावर आमच्या खोलीत अर्ध्यातच भांडण सुरू झालं. एक म्हणाली, हे खोटं आहे. दुसरी म्हणाली, तुझ्याच घरचं आहे. मला टेप तीनदा थांबवावा लागला. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागल्या.

पण त्यानंतर त्यांना एक नवंच खूळ लागलं. पुस्तकात बाईने अमुक करावं असं लिहिलेलं असलं, आणि ते त्यांनी स्वतः केलेलं नसलं, तर त्या वाक्यापाशी थांबायच्या. पेन्सिलीने त्याभोवती गोल करायच्या आणि पुस्तक मिटायच्या.

"बाई, वाचा ना पुढे."

"कशी वाचू? आधी करीन, मग वाचीन. नाही तर परत 'ती' होईल."

घरातलं काम घरातल्या सगळ्यांचं, असं एक वाक्य आलं. रेकॉर्डिंग आठवडाभर बंद. नवव्या दिवशी दुपारी साहेब स्वतः जिना चढून आले, डबा घेऊन. डब्यात चार पोळ्या. एकही गोल नव्हती, एकीला तर शेपूट होतं. साहेब फार कमी बोलायचे. मला म्हणाले, "तूही खा. दोन दिवसांपूर्वीच्या याहून वाईट होत्या." बाईंनी ती शेपटीची पोळी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, पाणी घेतलं, आणि ते पान एका दमात वाचलं. साहेब बाहेर भाईंच्या शेजारी बसून ऐकत होते. बोटाला चटका बसलेला, त्यावर फुंकर घालत.

दुसऱ्या एका प्रकरणात होतं, की बाईने कधी तरी कामाशिवाय, एकटीने कुठे तरी जाऊन यावं. गावोगाव फिरलेल्या बाईंना आठवेना, की आपण एकट्या कधी कुठे गेलो होतो. कंपनीबरोबर, साहेबांबरोबर, दीराबरोबर. दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. दुपारी साहेब घामाघूम होऊन स्टुडिओत, त्यांच्या मागे दोन शेजारी. भाई स्कूटर काढून स्टेशनकडे जायच्या बेतात. संध्याकाळी पाचला बाई जिना चढून आल्या, खांद्यावर हातभर उसाची दोन कांडी. बारडोलीला जाऊन आले, म्हणाल्या. एस.टी.ने. काय पाहिलं? काही नाही. बाकावर बसले, चहा प्यायले, एका बैलाशी बोलले आणि परत आले. साहेब रागाने लाल झाले होते, पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी कांड्याचं एक टोक हातात घेतलं आणि दाताने सोलायला लागले.

हसायचे आम्ही. पण हसता हसता माझंही काही तरी बदलत होतं. साहेबांची पोळी बघून मी घरी धाकट्या भावाला स्वतःचं ताट उचलायला लावलं. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग आठवं प्रकरण आलं. मारहाणीचं.

बाईंनी पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं, की मार खाणारी बाई पहिल्यांदा बोलते तेव्हाच मार कमी व्हायला सुरुवात होते. तिथे त्या थांबल्या, गोल केला, आणि पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पंखा बंद होता. मी काचेतून बघत होते. मला वाटलं, साहेब? साहेब मारतात? मी आत गेले.

बाईंनी मला उजव्या बाजूला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "या कानाने मला ऐकू येत नाही. डाव्या. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

त्यांच्या कंपनीच्या सर्वांत गाजलेल्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा बायकोला थोबाडीत मारतो, असा प्रसंग होता. रंगमंचावर अशी थप्पड खोटी असते. मारणारा हात गालाजवळून जातो, आवाज दुसराच कुणी आतून काढतो, आणि बाईने मान झटकायची. पण नायकाचं काम करणारे नट फार मोठे होते. ते म्हणाले, खोट्याने पडदा पडत नाही. ते खरी मारायचे. टाळ्यांनी थिएटर दणाणून जायचं. दोनशेहून जास्त प्रयोग झाले. कान पहिल्या वर्षीच वाजायला लागला होता, आणि मग एक दिवस तो वाजायचा थांबला.

"मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, मारू नका," बाई म्हणाल्या. "साहेबांनाही सांगितलं नाही. टाळ्या पडत होत्या ना. मला वाटायचं, त्यातल्या अर्ध्या माझ्या आहेत."

मला काय झालं माहीत नाही, मी एकदम बोलून गेले. "माझे आबा मायला मारतात."

हे मी तोपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. बाईंनी मला जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. त्यांनी विचारलं, "तेव्हा तू काय करतेस?"

"रेडिओ मोठा करते."

"का?"

"बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून."

बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या वेळी करू नकोस. रेडिओ बंद कर."

मला एकदम राग आला. कुणावर ते आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "सांगायला काय जातं बाई? तुम्ही तरी कधी बोललात का?"

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. बाईंनी मांडीवरचं पुस्तक खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "खरं आहे. मी केलेलं नाही ते तुला सांगायचा मला हक्क नाही. शब्द मागे घेतले." रुमाल सोडून एकेक बांगडी हातात चढवली आणि त्या घरी गेल्या.

योगायोग म्हणा, पण त्याच महिन्यात मंडळाच्या वर्धापनदिनाला त्या मोठ्या नटांचा सत्कार ठरला होता. ते आता सत्तरीचे झाले होते. शाल त्यांच्या हातात द्यायची ती त्यांच्या नायिकेने, म्हणजे बाईंनी, आणि दोन शब्द बोलायचे. रविवारची सकाळ होती. हॉल भरला होता. बँकेतली, शाळांतली, ऑफिसांतली मराठी माणसं, मुलाबाळांसकट. बाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. मायलाही. आम्ही दोघी अगदी मागे, दाराजवळ बसलो.

बाईंनी शाल दिली, नारळ दिला, वाकून नमस्कारही केला. मग त्या माइकपाशी आल्या. मी त्यांचे सगळे आवाज ओळखत होते. त्या दिवशी त्यांनी स्टुडिओतल्या खोलीतला आवाज लावला, शेजारणीला निरोप सांगायचा.

"यांच्याबरोबर काम करून मी खूप शिकले," त्या म्हणाल्या. "शब्द कसा टाकायचा हे यांनी शिकवलं. ते मी विसरणार नाही. आणखी एक सांगायचं आहे. आमच्या नाटकातली ती थप्पड खरी असायची. दोनशे वेळा खरी. त्यात माझा डावा कान गेला. मी तेव्हा 'मारू नका' असं म्हटलं नाही. आज म्हणते. तुम्ही मला मारायला नको होतं."

एवढंच बोलून त्या जागेवर जाऊन बसल्या.

ते नट खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांना राग आलेला दिसत नव्हता, गोंधळल्यासारखे झाले होते. म्हणाले, "अगं, पण लोकांना तेच तर आवडायचं!"

"हो," बाई जागेवरूनच म्हणाल्या, "म्हणून तर लोकांसमोर सांगितलं."

पहिल्या रांगेत साहेब बसले होते. इतकी वर्षं उजव्या हाताला चालणाऱ्या त्या माणसाला कारण तेव्हाच कळत होतं. ते उठले, पायऱ्या चढून स्टेजवर गेले आणि बाईंच्या शेजारी उभे राहिले. कार्यक्रम संपेपर्यंत ते खाली उतरले नाहीत.

माझ्या शेजारी माय हातातला पदर पिळत होती.

मंडळाचा निरोप दोनच दिवसांत आला. पाहुण्यांचा अपमान झाला, बाईंनी शुभ दिवशी नको ते काढलं, कॅसेटींचं काम तूर्त थांबवावं. बाईंनी तो कागद भाईंच्या हातात दिला आणि आपली ज्येष्ठमधाची डबी उचलायला लागल्या. भाई चिडले. सात प्रकरणं ते मशीनवर माझ्या मागे उभं राहून ऐकत आले होते, गोष्ट ऐकावी तसे. म्हणाले, "अरे, एम केम चाले? पछी शुं थयुं ए तो सांभळवुं पडे ने!" पुढे काय झालं ते ऐकायला नको का! आणि त्यांनी स्वतः उठून पंखा बंद केला.

त्या दुपारी बाईंनी आठवं प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. कुठेही गोल केला नाही. बाहेर आल्यावर मला काही उपदेश केला नाही. फक्त म्हणाल्या, "केलं बाई मी."

आमच्या घरी ती वेळ पंधरा दिवसांनी आली. आबा रात्रपाळी करून सकाळी आले होते. बारा तास लूमसमोर उभं राहून आलेला माणूस, डोळे तांबारलेले. आबा वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी पाणी आलं नव्हतं, भाकरीला उशीर झाला होता, आणि त्यांचा आवाज चढायला लागला. रेडिओवर गाणी चालू होती. माझा हात सवयीने बटणाकडे गेला. पहिला फटका बसला, आणि मी रेडिओ बंद केला.

लूम चालू होते तरी ती शांतता मला ऐकू आली. आबांनाही आली. त्यांचा हात क्षणभर वरच राहिला, मग खाली आला. दुसरा फटका सगळ्या गल्लीत ऐकू गेला. मग दारात एक शेजारीण आली. मग दुसरी. हातात अर्ध्या टिकल्या लावलेली साडी घेऊन तिसरी. आठवं प्रकरण मी रविवारीच त्यांना ऐकवलं होतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. आबांनी हात खाली घेतला, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. दुपारी आले तेव्हा भाकरी स्वतः वाढून घेतली.

त्या दिवसानंतर सगळं गोड झालं असं नाही. पुढे एकदा आबांनी पुन्हा हात उगारला. पण तेव्हा मला काही करावं लागलं नाही. माय स्वतःच बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि शेजारणींना नावं घेऊन हाका मारायला लागली. त्यानंतर मात्र नाही. आबा म्हातारे होईपर्यंत नाही.

मी ते बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी काय करावं? त्यांनी रीतसर वाकून मला नमस्कार केला. मी मागे सरले. म्हटलं, "बाई, काय करताय!" त्या म्हणाल्या, "मला दोनशे प्रयोग लागले. तुला एक बटण."

बाई पुढे चार वर्षं सुरतेत होत्या. मग साहेबांना घेऊन लेकीकडे सांगलीला गेल्या, आणि तिथेच वारल्या. आज मी आवाजाचंच काम करते. माझं घर मी चालवते, लग्न माझ्या पसंतीने केलं, आणि कुणी कशी आहेस विचारलं तर निदान खोटं सांगत नाही. यातलं किती त्यांचं आणि किती माझं, ते मला वेगळं काढता येत नाही. काढायचंही नाही.

मला त्यांची सारखी आठवते ती शेवटची दुपार. बारावं प्रकरण संपलं होतं, आणि शेवटच्या कॅसेटची एक बाजू कोरी राहिली होती. भाई म्हणाले, तिथे एक गरबा टाकू. बाई म्हणाल्या, "मायला आण."

माय आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, घाबरलेली. बाईंनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं, तिच्या हातातल्या बांगड्या स्वतः काढल्या, रुमालात बांधल्या. मग मला म्हणाल्या, "तू तिच्यापाशी बस. मशीन मी बघते." इतक्या महिन्यांत माझं बघून बघून त्या शिकल्या होत्या. काचेपलीकडे जाऊन बसल्या, बटण दाबलं आणि बोटाने खूण केली.

टेप फिरतोय. मायने माझ्याकडे बघितलं, मग काचेकडे. बाई तिकडून नुसत्या मान हलवत होत्या, ऐकतेय, ऐकतेय, अशा.

"मन्हं नाव वेणू," माय म्हणाली. "मी साडीस्ले टिकल्या लावस."

आणि मग ती बोलतच राहिली. गाडी, नवापूर, पोरगं. आबांचा हात. रविवारची दुपार, भांडणं. आवाज तोच, सरळ. बाजू संपून टेप टक्कन थांबला तरी तिचं वाक्य चालूच होतं.

बाई आत आल्या. भाईंना म्हणाल्या, "ही बाजू पहिली लावा. सगळ्यात आधी. मी हिच्यानंतर."

भाई म्हणाले, "पण बेन, लोको तो तमने ओळखे छे."

"म्हणूनच. मला काय, नंतरही ऐकतील."

मी पहिल्या कॅसेटचं लेबल लिहायला घेतलं. वेणू, नवागाम, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. बाईंनी ते हातात घेऊन वाचलं, मायला वाचून दाखवलं, माझ्याकडून पेन मागून घेतलं, आणि त्या नावाच्या खाली उरलेल्या जागेत, बारीक अक्षरांत, स्वतःचं नाव लिहिलं.